‘मॅगझिन’ नेमकं कुठलं? बातमी आणि अनुवादात नव्याने आलेल्यांसाठी

‘रागाच्या भरात त्याने संपूर्ण मासिक रिकामं केलं.’

हे वाक्य मी एका परदेशी मालिकेच्या मराठी उपशीर्षकांत वाचलं. पडद्यावर एक गडी पिस्तुलातून धडाधड गोळ्या झाडत होता आणि खाली ही ओळ. पोटभर हसलो. मग आठवलं, की उमेदवारीच्या दिवसांत मीही याहून फार वेगळं काही केलं नव्हतं. इंग्रजीतून आलेली गुन्ह्याची बातमी होती, जप्तीच्या यादीत ‘टू मॅगझिन्स’ होती. मी लिहिलं, ‘आरोपीकडून एक पिस्तूल व दोन नियतकालिके जप्त.’ आक्षेपार्ह छापील मजकूर जप्त होणं काही नवलाचं नव्हतं, त्यामुळे वरच्यांच्याही नजरेतून ते सुटलं. दुसऱ्या दिवशी ठाण्यातून फोन आला, ‘साहेब, ती नियतकालिकं कुठली हो? आम्हाला तर सापडली नाहीत.’

तेव्हापासून हा शब्द माझ्या मानगुटीवर बसलाय. बातम्या, उपशीर्षकं, ऐतिहासिक लेखन किंवा कायद्याचे कागद मराठीत आणायला तुम्ही नव्याने सुरुवात केली असेल, तर तुमच्याही बसणार. म्हणून हा खटाटोप.

आधी मूळ धरा

अरबीत ‘मखझन’ म्हणजे साठवणीची जागा, कोठार. त्याचं अनेकवचन ‘मखाझिन’. व्यापाराबरोबर हा शब्द भूमध्य समुद्र ओलांडून इटालियनमध्ये गेला, तिथून फ्रेंचमध्ये आणि सोळाव्या शतकात इंग्रजीत. फ्रेंच आणि रशियन भाषांत आजही याच शब्दाचा अर्थ दुकान. पोर्तुगीजांनी अरबी उपपद ‘अल’सकट तो उचलला आणि ‘आर्माझें’ केला, म्हणजे वखार. आपल्याकडे त्याच धातूतला दुसरा शब्द फारसीमार्गे आला, तो खजिना. मॅगझिन आणि खजिना ही चुलत भावंडं आहेत, हे एकदा डोक्यात बसलं की निम्मं काम झालं.

कारण या शब्दाचा अर्थ मुळात एकच आहे, कोठार. काय साठवलंय एवढंच बदलतं. दारू साठवली तर दारूकोठार. काडतुसं साठवली तर बंदुकीचं मॅगझिन. लेख साठवले तर मासिक. लंडनच्या एडवर्ड केव्हने १७३१ साली ‘जंटलमन्स मॅगझिन’ काढलं, तेव्हा ठिकठिकाणचा निवडक मजकूर एका जागी साठवून ठेवणारं कोठार, हीच त्याची कल्पना होती. नियतकालिक हा अर्थ तिथून रूढ झाला. म्हणजे शस्त्रांचा अर्थ थोरला आणि वाचनाचा धाकटा. आपण बहुतेक जण धाकट्यालाच आधी भेटतो, सगळा घोळ तिथे सुरू होतो.

यात इंग्रजीचं काही विशेष आहे असंही नाही. आपला ‘कोश’ घ्या. संस्कृतात कोश म्हणजे तलवारीची म्यान, कोश म्हणजे राजाचं भांडार, आणि कोश म्हणजे शब्दांचा संग्रह. शस्त्राचं घर आणि पुस्तक यांना एकच शब्द आपणही वापरत आलोय. ‘विश्वकोशातून तलवार उपसली’ असं मात्र कुणी लिहीत नाही, कारण भाषा आपली आहे. परक्या शब्दाच्या बाबतीत तेवढं भान आपोआप येत नाही, ते कमवावं लागतं.

पहिली पायरी : शेजारी कोण उभं आहे ते पाहा

मूळ वाक्यात मॅगझिनच्या अवतीभवती कुठले शब्द आहेत ते आधी टिपा. भिंत, पहारेकरी, किल्ला, डेपो, परवाना, स्फोट असे शब्द असतील तर ती इमारत आहे. डेक, कप्तान, पाणतीर, बुडणं असेल तर जहाजातली खोली. खिसा, कमरेचा पट्टा, रायफल, बदलणं, राऊंड असेल तर बंदुकीचा भाग. संपादक, मुखपृष्ठ, अंक असेल तर मासिक. हे इतकं सोपं वाटतं की नवखा माणूस ही पायरी गाळतो. ‘दे ब्ल्यू अप द मॅगझिन’ एवढंच वाक्य समोर आलं तर मागचे दोन परिच्छेद वाचल्याशिवाय हात लावू नका.

दुसरी पायरी : इमारत असेल तर मराठी शब्द तयार आहे

इथे ‘मॅगझिन’ लिहायची गरजच नाही. दारूकोठार, दारूखाना, बारूदखाना, दारूगोळ्याचं कोठार, यांतला संदर्भाला शोभेल तो घ्या. मी ‘दारूकोठार’कडे झुकतो, कारण गडांवर हिंडणाऱ्या प्रत्येकाला तो शब्द ठाऊक असतो. सिंहगडावर दरवाज्यातून आत गेल्यावर उजव्या हाताला दगडी इमारत दिसते, ते दारूकोठार. ११ सप्टेंबर १७५१ रोजी त्यावर वीज पडली आणि त्या स्फोटात गडाच्या फडणिसांचं घर माणसांसकट गेलं. बेंजामिन फ्रँकलिनने विजेवरचा पतंगाचा प्रयोग केला तो पुढच्या वर्षी, १७५२ साली. पुढे इंग्लंडमध्ये पर्फ्लीटच्या दारूकोठारांवर वीजवाहक कसे बसवावेत हे ठरवणाऱ्या समितीत फ्रँकलिन स्वतः होता. आज कोठाराच्या छपरावर वीजवाहक असणं ही साधी गोष्ट झाली आहे, पण सिंहगडच्या लोकांना ती उपलब्ध नव्हती.

मुंबईत रे रोड स्टेशनजवळचा दारूखाना जहाजतोडणीसाठी प्रसिद्ध आहे, आणि त्याच दारूखान्यात एक मॅगझिन स्ट्रीट आहे. शब्द आणि त्याचा अनुवाद एकाच पत्त्यात! तिथे मासिकांचा बाजार भरत नसे, हे सांगायला नकोच.

‘दारू’ शब्दावर मात्र नवे लोक अडखळतात. वाचक हसेल, त्याला गुत्ता आठवेल, अशी भीती वाटते. फारसीत दारू म्हणजे औषध. आपल्या ‘दवादारू’त तो अर्थ अजून शिल्लक आहे. त्यावरून स्फोटक पूड झाली, मद्यही झालं. ‘शोभेची दारू’ म्हटलं की आतषबाजी हे गावाकडच्या पोरालाही कळतं. तेव्हा ‘दारूकोठार’ बिनदिक्कत लिहा. फक्त मथळ्यात सांभाळा. ‘दारूच्या साठ्याला आग’ या मथळ्याखाली काय जळलं असेल, यावर वाचकाची पैज लागू शकते. तिथे ‘दारूगोळा’ म्हणा.

१८५७ वर काही अनुवादित करत असाल तर दिल्लीचं मॅगझिन हमखास येणार. ११ मे १८५७ रोजी लेफ्टनंट विलोबी आणि त्याच्या आठ साथीदारांनी, कोठार बंडवाल्यांच्या हाती लागू नये म्हणून, ते स्वतःच उडवून दिलं. काश्मिरी गेटजवळ त्याच्या दरवाज्यांचे अवशेष आजही रस्त्याच्या मधोमध उभे आहेत. इथे ‘दारूकोठार’ किंवा ‘शस्त्रागार’ दोन्ही चालतं, कारण तिथे तोफा-बंदुकाही होत्या. एरवी शस्त्रागार आणि दारूकोठार वेगळे. एकात हत्यारं असतात, दुसऱ्यात त्यांचं खाद्य.

अजून तीन शब्द या घरात गर्दी करतात. कारखाना बनवतो : खडकीची अॅम्युनिशन फॅक्टरी १८६९ पासूनची. डेपो साठवतो आणि वाटतो : वर्धा जिल्ह्यातलं पुलगाव, जिथे मे २०१६ च्या अखेरीस भीषण आग लागली. आणि डेपोच्या आवारात जी एकेक साठवणीची इमारत असते, ती मॅगझिन. तिन्हींना सरसकट ‘शस्त्र कारखाना’ म्हणण्याची खोड बातम्यांत जुनी आहे. ती लावून घेऊ नका.

एका ठिकाणी मात्र मी स्वतःच ‘मॅगझिन’ ठेवतो. दगडखाणी आणि विहिरींचे सुरुंग यांच्या धंद्यात. स्फोटकांचे परवाने देणाऱ्या केंद्रीय यंत्रणेचं मुख्यालय नागपुरात आहे, आणि तिच्या कागदांत जिलेटिनच्या कांड्या ज्या मान्यताप्राप्त बांधकामात ठेवायच्या, त्याला मॅगझिन म्हणतात. खाणीवरची माणसंही तेच म्हणतात. तिथे ‘दारूकोठार’ लिहिलंत तर शिवकाळात गेल्यासारखं वाटेल. ‘स्फोटकांचं मॅगझिन’ लिहा, पहिल्या उल्लेखाला ‘म्हणजे साठवणीची इमारत’ एवढं जोडा, पुढे चला.

तिसरी पायरी : जहाज

युद्धनौकेत तोफगोळे आणि दारू ठेवायची खास बंदिस्त जागा म्हणजे मॅगझिन. २४ मे १९४१ रोजी ब्रिटिशांची ‘हूड’ ही युद्धनौका मागच्या मॅगझिनच्या स्फोटाने दुभंगली. जहाजावर १,४१८ माणसं होती, वाचली ३. मराठीत ‘नौकेतलं दारूगोळ्याचं कोठार’ म्हटलं की पुरे.

मालवाहू जहाजाचा प्रकार वेगळा. १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ फुटलं. त्यात कापसाच्या गासड्यांबरोबर सुमारे १,४०० टन स्फोटकं होती. पण ती मालाच्या तळघरात, म्हणजे होल्डमध्ये रचलेली होती. ते मॅगझिन नव्हे.

चौथी पायरी : बंदूक, आणि इथेच थांबायचंय

खरी गर्दी इथे आहे. चित्र डोळ्यांसमोर आणा. एक पत्र्याची किंवा प्लास्टिकची चपटी डबी. तिच्या तळाशी स्प्रिंग. वरून एकेक काडतूस दाबून भरायचं. डबी पिस्तुलाच्या मुठीत किंवा रायफलच्या पोटात खटकन बसते. गोळी सुटली की रिकामी पुंगळी बाहेर उडते आणि स्प्रिंग खालचं काडतूस वर ढकलते. ही डबी म्हणजे मॅगझिन. हिला मराठीत मी ‘मॅगझिन’च म्हणतो. ‘काडतूसपेटी’ असा पर्याय कुणी कुणी सुचवतात, पण त्याने कमरेच्या पट्ट्यावरची पेटी किंवा काडतुसांचं खोकं डोळ्यांपुढे येतं. पोलीस, जवान, एनसीसीची मुलं, सगळे मॅगझिन म्हणतात. त्यांच्या तोंडचा शब्द आपण का बदलावा?

आता या डबीच्या आजूबाजूचे शब्द.

गोळी आणि काडतूस एक नाही. काडतूस म्हणजे पुंगळी, तिच्यातली दारू, बुडाची टोपी आणि टोकाची गोळी असा अख्खा संच. झाडली जाते ती गोळी, भरलं जातं ते काडतूस, जमिनीवर सापडते ती पुंगळी. ‘घटनास्थळी पाच काडतुसे सापडली’ आणि ‘पाच पुंगळ्या सापडल्या’ यांत पाच गोळ्या सुटल्या की नाही एवढा फरक आहे. ‘लाइव्ह’ला पोलिसांनी ‘जिवंत काडतूस’ असा झकास शब्द रुळवलाय. (काडतूस आणि पिस्तूल दोन्ही आपल्याला पोर्तुगीजांकडून मिळाले. पावाबरोबर हेही.)

राऊंड म्हणजे फेरी नव्हे. ‘फायर्ड थ्री राऊंड्स’चं ‘गोळीबाराच्या तीन फेऱ्या झाडल्या’ असं मराठी रोज कुठे ना कुठे छापून येतं. एका माणसाने तीन राऊंड फायर केले म्हणजे तीन गोळ्या झाडल्या. आपल्याकडे ‘फैर’ हा चांगला शब्द आहे, पण ती अनेक बंदुकांची एकदम असते. शहीद जवानाला मानवंदना देताना हवेत तीन फैरी झाडतात, तिथे तो शब्द शोभतो.

क्लिप म्हणजे मॅगझिन नव्हे, आणि हा घोळ इंग्रजी बोलणारेही घालतात. क्लिप ही काडतुसं ओळीने धरून ठेवणारी पत्र्याची पट्टी. ती मॅगझिन भरायला वापरतात. आपल्या पोलिसांच्या खांद्यावर कित्येक दशकं राहिलेली थ्री नॉट थ्री रायफल आठवा. तिच्या मॅगझिनमध्ये १० काडतुसं मावतात आणि ती पाच-पाचच्या दोन पट्ट्यांनी वरून भरता येतात. त्या पट्टीला ब्रिटिश ‘चार्जर’ म्हणतात. दुसऱ्या महायुद्धावरच्या पुस्तकात सैनिक खिशातून चार्जर काढतो तेव्हा मोबाइल डोळ्यांसमोर आणू नका. अमेरिकी गॅरंड रायफलमध्ये मात्र आठ काडतुसांची क्लिपच आत जाते, तिथे क्लिप हाच बरोबर शब्द. चित्रपटांतले गुंड सर्रास मॅगझिनला क्लिप म्हणतात. पात्राच्या तोंडी असेल तर असू द्या, निवेदनात सुधारा.

याच थ्री नॉट थ्रीच्या नावात अनुवादकासाठी एक सापळा आहे. तिचं अधिकृत नाव ‘रायफल, शॉर्ट, मॅगझिन, ली-एनफिल्ड’. लोक स्वल्पविराम गाळतात आणि मग ‘छोट्या मॅगझिनची ली-एनफिल्ड’ असं मराठी होतं. आखूड आहे ती रायफल, आधीच्या लांब नळीच्या रायफलपेक्षा. मॅगझिन चांगलं दहाचं आहे. सरकारी यादीतले स्वल्पविराम कधीच शोभेसाठी नसतात.

रिव्हॉल्व्हरला मॅगझिन नसतं. त्याला गोल फिरणारं सिलिंडर असतं, सहसा सहा घरांचं. पिस्तूल आणि रिव्हॉल्व्हर हे शब्द आपण आलटून पालटून वापरतो, त्यामुळे ‘रिव्हॉल्व्हरमधून मॅगझिन काढलं’ असं वाक्य सहज लिहिलं जातं. मूळ मजकुरात मॅगझिन असेल तर हत्यार पिस्तूल असणार. तसंच एका वेळी एकच काडतूस घेणाऱ्या गावठी कट्ट्याला मॅगझिन नसतं. बातमीत कट्टा आणि मॅगझिन एकत्र दिसले तर बातमीदाराला एक फोन करा. बहुतेक वेळा ते गावठी बनावटीचं पिस्तूल असतं आणि बोलताना कट्टा म्हटलेलं असतं. १८५७ च्या ज्या एनफिल्डच्या काडतुसांवरून रान पेटलं, तिलाही मॅगझिन नव्हतं. काडतूस दातांनी फाडून नळीच्या तोंडातून भरावं लागे, म्हणून तर चरबीचा प्रश्न आला.

आणि चेंबर. मॅगझिनमधलं काडतूस वर चढून नळीच्या बुडाशी जिथे बसतं ती जागा. मॅगझिन काढून घेतलं तरी चेंबरमध्ये एक काडतूस असू शकतं, आणि ते सुटू शकतं. रहस्यकथांत यावर अख्खी प्रकरणं उभी असतात. ‘ही टूक आउट द मॅगझिन’चं ‘त्याने पिस्तूल रिकामं केलं’ असं सफाईदार मराठी केलंत, तर दोन पानांनंतर त्याच पिस्तुलातून गोळी सुटल्यावर वाचक तुम्हाला पकडेल. ‘थर्टीन प्लस वन’ दिसलं तर मॅगझिनमध्ये तेरा आणि चेंबरमध्ये एक असा अर्थ.

पाचवी पायरी : क्रियापद आणि लिंग

मॅगझिन भरतात, चढवतात किंवा लावतात, काढतात, बदलतात. ‘भरणं’ आणि ‘चढवणं’ या दोन वेगळ्या क्रिया आहेत. काडतुसं मॅगझिनमध्ये भरायची, भरलेलं मॅगझिन हत्याराला चढवायचं. इंग्रजीत दोन्हीला ‘लोड’ म्हणून भागतं, मराठीत भागत नाही. ‘एम्प्टीड हिज मॅगझिन’चं सरळ मराठी ‘होत्या नव्हत्या तेवढ्या सगळ्या गोळ्या झाडल्या’. मॅगझिनचं नावही घ्यायला नको. ‘थर्टी-राऊंड मॅगझिन’चं ‘तीस काडतुसांचं मॅगझिन’. लिंग नपुंसक : ते मॅगझिन, ती मॅगझिनं. लिहिताना मॅगझिन, मॅगझीन, मॅगेझिन तिन्ही दिसतात. एका मजकुरात एकच ठेवा, त्यावरून मुद्रितशोधकाशी भांडू नका.

जप्तीची यादी लिहिताना पिस्तूल, मॅगझिन आणि काडतुसं यांचे आकडे वेगळे ठेवा. पंचनाम्यात ते वेगळे असतात, आणि शस्त्र अधिनियम, १९५९ खाली परवान्याविना नुसतं काडतूस बाळगणं हाही गुन्हा आहे. विमानतळावर बॅगेच्या कप्प्यात विसरलेलं एक काडतूस माणसाला ठाण्यात नेतं. ‘शस्त्रसाठा जप्त’ असा गोळाबेरीज मथळा एका मॅगझिनला आणि दोन काडतुसांना देऊ नये, असं माझं मत. डेस्कवर ते फारसं कुणी ऐकत नाही.

याखेरीज जुन्या सिनेमा कॅमेऱ्यावरची फिल्मची डबी, स्लाइड प्रोजेक्टरचा स्लाइडांचा खण, यांनाही मॅगझिन म्हणत. कोठार हा अर्थ धरून ठेवला असेल तर ते सांगायलाही लागत नाही.

हात बसवायला

ही चार वाक्यं घ्या आणि खालची मराठी झाकून आधी स्वतः करून पाहा.

‘द गार्ड लॉक्ड द मॅगझिन अॅट सनसेट.’ मावळतीला पहारेकऱ्याने दारूकोठाराला कुलूप लावलं.

‘ही स्लॅप्ड इन अ फ्रेश मॅगझिन.’ त्याने खटकन दुसरं भरलेलं मॅगझिन चढवलं. (‘ताजं मॅगझिन’ नको, तो भाजीपाला नाही.)

‘अ शेल पिअर्स्ड द फॉरवर्ड मॅगझिन.’ नौकेच्या पुढच्या भागातल्या दारूगोळ्याच्या कोठारात तोफगोळा घुसला. इथे ‘फॉरवर्ड’चं पुरोगामी करणारा एक विद्यार्थी मला भेटला आहे. ‘पुरोगामी मासिकाला शिंपल्याने भोसकलं’ इथपर्यंत तो पोहोचला होता.

‘द पोलीस मॅगझिन कॅरीड अ पीस ऑन द ओल्ड मॅगझिन.’ हे पोलिसांच्या मासिकात जुन्या दारूकोठारावर लेख आला असंही होईल, आणि जुन्या बनावटीच्या मॅगझिनवर लेख आला असंही. मागचा परिच्छेद मागवून घ्या.